बरणीतले पॉलिफेनॉल आणि पोटातले पॉलिफेनॉल

इंदूरहून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे निघालेल्या सामानात लवंगेच्या शेवेचे पाकीट नसेल, असे सहसा होत नाही. शेवेतली लवंग चवीसाठी असते हे खरेच आहे. पण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक तेल असलेला हा पदार्थ खवट होण्याचा वेग कमी करण्यात लवंग, ओवा आणि मिरी यांतल्या काही द्रव्यांचाही थोडा हातभार लागतो. ही द्रव्ये ज्या मोठ्या रासायनिक कुळाशी संबंधित आहेत, त्या पॉलिफेनॉलांविषयी अलीकडे दुसऱ्याच कारणाने ऐकू येते. आवळा, हळद, ग्रीन टी, जांभळाच्या बिया, डाळिंब, डार्क चॉकलेट यांपैकी कशाचाही विषय निघाला, की ‘यात अँटिऑक्सिडंट असतात, साखरेला चांगले’ असे वाक्य हमखास येते.

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. तेलाच्या डब्यात पॉलिफेनॉल जे काम करतात ते सरळ आहे, चांगले समजलेले आहे आणि मोजूनही दाखवता येते. शरीरातले त्यांचे काम पुष्कळ आडवळणाचे आहे, व्यक्तीगणिक बदलते, आणि डब्यातल्या कामाशी त्याचे साम्य फारच थोडे आहे. एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून आधी डबा आणि मग पोट, या क्रमाने हा विषय पाहणे सोयीचे आहे.

तेल खवट कसे होते

कोणत्याही खाद्यतेलात मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. त्यांतल्या काहींमध्ये कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध असतात, आणि दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजनचा अणू सैल बसलेला असतो. प्रकाश, उष्णता किंवा धातूचा अंश यांच्यामुळे तो निघून गेला, की मागे उरलेला रेणू अस्थिर होतो. त्याला मुक्त मूलक म्हणतात. हे मूलक हवेतला ऑक्सिजन पकडते आणि शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन हिसकावून स्वतः शांत होते, पण त्यामुळे शेजारी अस्थिर होतो आणि तो पुढच्याचा हायड्रोजन ओढतो. खो-खोत खो देणारा खाली बसतो आणि ज्याला खो मिळाला तो धावत सुटतो, तसाच हा प्रकार आहे. एका मूलकापासून सुरू झालेली ही साखळी शेकडो रेणूंपर्यंत पोहोचू शकते. या प्रक्रियेत तयार होणारी पेरॉक्साइडे पुढे फुटतात आणि त्यांच्यापासून हेक्झॅनलसारखी लहान, उडून जाणारी द्रव्ये निर्माण होतात. जुन्या शेवेच्या पाकिटातून जो वास येतो तो मुख्यतः अशा द्रव्यांचा असतो, आणि त्यांचे अगदी अल्प प्रमाणही नाकाला कळते.

पॉलिफेनॉल या साखळीत शिरतात तेव्हा खो घेतात, पण उठून धावत नाहीत. त्यांच्या रचनेत सहा कार्बनांचे एक कडे असते आणि त्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवलेली असते. त्या जोडीतला हायड्रोजन पॉलिफेनॉल सहज देऊन टाकते. हायड्रोजन गेल्यावर मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन संपूर्ण कड्यावर पसरून राहतो, त्यामुळे रेणू दुसऱ्या कुणावर धावून जाण्याइतका उतावीळ राहत नाही आणि साखळी तिथेच तुटते. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते याच कामामुळे. कड्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतील तर हे काम आणखी चांगले होते, आणि शिवाय असा रेणू लोह व तांबे यांना चिमट्यासारखा धरून ठेवतो. हे दुसरे कामही कमी महत्त्वाचे नाही, कारण तांब्याचा अगदी किरकोळ अंशही तेल खवट होण्याचा वेग वाढवतो. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई केल्याशिवाय त्यांत आंबट किंवा तेलकट पदार्थ ठेवत नसत, त्यामागे विषबाधेची भीती होतीच, पण कथलाच्या त्या पातळ थरामुळे तेलाचा तांब्याशी संबंधही तुटत असे.

तेल कोणते आहे यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. दोन दुहेरी बंध असलेले लिनोलेइक आम्ल एकच बंध असलेल्या ओलेइक आम्लापेक्षा कितीतरी वेगाने, ढोबळमानाने दहापट किंवा अधिक, ऑक्सिजनला बळी पडते. सोयाबीनच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असते आणि वर तीन बंधांचे लिनोलेनिक आम्लही थोडे असते, तर शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्लाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे माळव्यात पिकणाऱ्या सोयाबीनच्या तेलात तळलेला पदार्थ, बाकी सगळे सारखे असताना, शेंगदाण्याच्या तेलातल्या पदार्थापेक्षा लवकर खवट होऊ शकतो. तिळाच्या तेलाची गोष्ट अधिक रंजक आहे. त्यातही लिनोलेइक आम्ल भरपूर असते, तरी ते टिकाऊ म्हणून ओळखले जाते, कारण तिळात सेसमिन व सेसमोलिन नावाची लिग्नान कुळातली द्रव्ये असतात आणि तेल तापवल्यावर सेसमोलिनपासून सेसमॉल हे चांगल्यापैकी प्रभावी फेनॉल सुटे होते. म्हणजे तापवल्याने जिथे इतर तेलांचे संरक्षण कमी होत जाते, तिथे तिळाच्या तेलात काही काळ नवे संरक्षक द्रव्य तयार होत असते.

लवंगेच्या बाबतीत थोडा नेमकेपणा हवा. तिचा वास ज्यामुळे येतो त्या युजेनॉलमध्ये एकच हायड्रॉक्सिल गट आहे, त्यामुळे काटेकोरपणे ते साधे फेनॉल आहे, पॉलिफेनॉल नव्हे. ओव्यातल्या थायमॉलचेही तसेच. पण लवंगेत त्याखेरीज गॅलिक आम्ल आणि टॅनिनेही भरपूर असतात, आणि शंभर ग्रॅम लवंगेत या सगळ्या वर्गाची मिळून सुमारे १५ ग्रॅम द्रव्ये मोजली गेली आहेत. खाद्यपदार्थांच्या कोणत्याही यादीत हा आकडा अगदी वरच्या टोकाला असतो. अर्थात इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेली शंभर ग्रॅम लवंग कुणी एका बैठकीत खात नाही, आणि कढईतल्या वाफेबरोबर युजेनॉलचा बराच भाग उडूनही जातो. म्हणून शेव टिकते ती लवंगेमुळेच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हवाबंद पाकीट, त्यात भरलेला नायट्रोजन, प्रकाश अडवणारे चकचकीत आवरण आणि मुळात ताजे तेल यांचा वाटा लवंगेपेक्षा मोठा आहे. तेल पुन्हापुन्हा तापवले, की त्यात तेल मोडून तयार होणारी ध्रुवीय संयुगे साचत जातात. भारतीय नियमांनुसार २०१८ पासून ही संयुगे २५ टक्क्यांवर गेलेले तेल तळणासाठी वापरता येत नाही. त्या अवस्थेला पोहोचलेल्या तेलाला कितीही लवंग वाचवू शकत नाही.

पाकिटावरचे आकडे आणि लोणच्याची बरणी

कारखान्यात बनलेल्या तेलाच्या किंवा फरसाणाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत आयएनएस ३१९ असे लिहिलेले आढळते. आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या द्रव्यांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. ३१९ हे टीबीएचक्यू नावाचे संश्लेषित द्रव्य आहे, आणि त्याच्या रचनेतही तसेच कडे आणि त्यावर दोन हायड्रॉक्सिल गट आहेत. म्हणजे वनस्पतींनी काढलेली युक्ती रसायनशास्त्रज्ञांनी स्वस्तात आणि बिनवासाच्या रूपात वापरली आहे. आयएनएस ३१० तर याहूनही जवळचे नातेवाईक आहे. ते प्रोपिल गॅलेट, म्हणजे हिरड्यात आणि आवळ्यात असणाऱ्या गॅलिक आम्लाचेच एक रूप. रोझमेरी या वनस्पतीच्या अर्कालाही ३९२ हा क्रमांक मिळालेला आहे. ‘केमिकल’ आणि ‘नैसर्गिक’ असा जो भेद बाजारात केला जातो, तो इथे फारसा उपयोगी पडत नाही. नैसर्गिक अर्काची खरी अडचण वेगळीच आहे: परिणाम व्हावा इतके प्रमाण घातले की पदार्थाला त्याचा वास, रंग किंवा तुरटपणा येतो, आणि प्रत्येक पिकागणिक त्याची ताकद बदलते.

सूक्ष्मजीवांविरुद्धचे काम हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. युजेनॉल आणि थायमॉल जिवाणूंच्या बाहेरच्या पटलात शिरून ते गळके करतात, तर टॅनिने प्रथिनांना चिकटून त्यांची कामे थांबवतात. प्रयोगशाळेच्या बशीत हे झकास दिसते. पण कैरीचे लोणचे वर्षभर टिकते ते प्रामुख्याने मीठ, आम्लता आणि वरच्या तेलाच्या थरामुळे. मोहरीचा झणका ज्यामुळे येतो ते द्रव्य जंतुनाशक आहे, पण ते पॉलिफेनॉल नाही. हळद आणि मेथी यांचे काम सहायकाचे आहे. भारतीय अन्नकायद्याने मीठ, साखर, व्हिनेगर, मध आणि खाद्यतेल यांच्याबरोबर मसाल्यांनाही पहिल्या वर्गातल्या परिरक्षकांत स्थान दिले आहे, ते योग्यच आहे, फक्त त्यांतला प्रमुख कोण हे विसरू नये.

पॉलिफेनॉल अन्न बिघडवण्याच्या बाजूलाही उभे राहतात. चिरलेले वांगे, सफरचंद किंवा हिवाळ्यात इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात तळून मिळणारे गराडू हे कंद कापल्याबरोबर तपकिरी होऊ लागते, कारण सुरीने पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी पॉलिफेनॉले आणि त्यांच्यावर काम करणारे विकर (एन्झाइम) एकमेकांना भेटतात, आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साक्षीने गडद रंगाची द्रव्ये तयार होतात. वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्याने हवा अडते. लिंबू पिळल्याने विकर मंदावते आणि क जीवनसत्त्व बदललेली पॉलिफेनॉले पुन्हा मूळ रूपात आणते. चहाच्या कारखान्यात मात्र हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात. पाने चुरडून हवेत ठेवली, की त्यांतल्या कॅटेचिन नावाच्या पॉलिफेनॉलांचे थीआफ्लेविन होते आणि काळ्या चहाला त्याचा लालसर रंग आणि धार येते.

वनस्पती हे सगळे कशासाठी बनवते

पॉलिफेनॉल हे एका कुळाचे नाव आहे आणि त्यात ८,००० हून अधिक रचना ओळखल्या गेल्या आहेत. कांद्यातले क्वेर्सेटिन, चहातले कॅटेचिन, जांभळाला रंग देणारे अँथोसायनिन, सोयाबीनमधले आयसोफ्लेवोन, हळदीतले कर्क्युमिन, गव्हाच्या कोंड्यातले फेरुलिक आम्ल, हिरड्यातली टॅनिने हे सगळे त्यातलेच. बहुतेकांचा उगम फेनिलअॅलानिन या अमिनो आम्लापासून होतो. वनस्पतीला पळता येत नाही, त्यामुळे अतिनील किरण, बुरशी, किडे आणि चरणारी जनावरे यांच्याशी तिला रसायनांनीच लढावे लागते. तुरटपणा हा त्या लढाईचा आपल्याला जाणवणारा भाग आहे. टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंड कोरडे, खरखरीत होते. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात तेव्हाही प्रथिने बांधण्याची हीच क्रिया घडत असते.

या द्रव्यांना एके काळी जीवनसत्त्वच मानले गेले होते. १९३६ साली आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी लिंबू आणि मिरची वर्गातल्या फळांमधून मिळवलेल्या फ्लेवोनॉइडांना, म्हणजे पॉलिफेनॉलांच्याच एका उपकुळाला, ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले, पण ती न मिळाल्याने एखादा ठरावीक विकार होतो असे दिसेना, म्हणून १९५० च्या सुमारास हे नाव मागे पडले. भारतीय रसायनशास्त्रज्ञांचा या क्षेत्राशी जुना संबंध आहे: फ्लेवोन ही त्याच उपकुळातली द्रव्ये बनवण्याची बेकर-वेंकटरामन ही पद्धत १९३० च्या दशकात पुढे आली, आणि तिच्यातले वेंकटरामन पुढे १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

पोटात गेल्यावर

आता दुसरा भाग. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोहे-जिलेबीने सकाळ आणि सराफ्यात रात्र करणाऱ्या शहराला हे आकडे परके वाटण्याचे कारण नाही. अशा वेळी ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द धीर देणारा वाटतो, म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

तेलाच्या डब्यात पॉलिफेनॉल थेट मूलकांशी भिडतात, कारण तिथे ते पुरेशा प्रमाणात आणि मूळ रूपात असतात. शरीरात या दोन्ही अटी पाळल्या जात नाहीत. खाल्लेल्या पॉलिफेनॉलांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच लहान आतड्यातून शोषली जातात. जी शोषली जातात त्यांच्यावर आतड्याची भिंत आणि यकृत ताबडतोब गंधकाचे किंवा साखरेपासून बनलेल्या आम्लाचे गट चिकटवतात आणि ती लघवीच्या वाटेला लावतात. शरीराच्या दृष्टीने ती बाहेरची द्रव्येच आहेत. नेहमीच्या जेवणानंतर रक्तात त्यांचे प्रमाण बहुधा लिटरमागे एका मायक्रोमोलच्या (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) आसपास किंवा त्याहून कमी असते आणि काही तासांत तेही उतरते. त्याच रक्तात क जीवनसत्त्व सुमारे ५० आणि युरिक आम्ल सुमारे ३०० मायक्रोमोल असते. अशा गर्दीत पॉलिफेनॉलांनी थेट मूलके टिपून फार फरक पडेल, हे गणितात बसत नाही. परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे तक्ते अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले, त्याचे कारणही हेच होते की त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिराती मात्र त्यांच्याच जोरावर चालल्या होत्या.

मग परिणाम होतोच कसा? एक वाट आतड्यातच आहे, आणि तिच्यासाठी शोषण व्हावेच लागत नाही. पिठूळ पदार्थाचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करणाऱ्या विकरांना पॉलिफेनॉल काही प्रमाणात अडवतात, आणि ग्लुकोज आत घेणाऱ्या वाहकांनाही. त्यामुळे जेवणानंतरची साखरेची चढण जराशी उतरती होऊ शकते. ब्रेडबरोबर बेरी वर्गातली फळे खाल्ल्यावर जेवणानंतरची इन्सुलिनची वाढ थोडी कमी होते, असे माणसांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. जांभळाच्या बियांच्या पुडीबद्दल आपल्याकडे जितक्या आत्मविश्वासाने बोलले जाते, तितका पुरावा मात्र नाही. तिच्यावरचे माणसांमधले प्रयोग थोडे आणि लहान आहेत. दुसरी वाट पेशींना मिळणाऱ्या इशाऱ्यांची. अल्प प्रमाणातली ही परकी द्रव्ये पाहून पेशी स्वतःची संरक्षक विकरे वाढवतात, आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक सोडून किंचित सैलावते. तिसरी वाट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे, कारण न शोषलेला नव्वद टक्के माल तिथेच पोहोचतो.

जिवाणू पॉलिफेनॉलांचे तुकडे करून जी लहान द्रव्ये तयार करतात, ती मूळ द्रव्यापेक्षा सहज शोषली जातात आणि पुष्कळदा काम तीच करतात. डाळिंबातल्या टॅनिनांपासून जिवाणू युरोलिथिन बनवतात, सोयाबीनमधल्या डेडझिनपासून इक्वॉल. पण हे जमणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यांत नसतात. इक्वॉल बनवू शकणारे लोक साधारणपणे तीस ते पन्नास टक्केच असतात. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून इंदूरमध्ये आहे आणि माळव्याच्या शेतीचा मोठा भाग या पिकावर उभा आहे, त्यामुळे आपल्याकडे सोयाबीनच्या गुणांचे वर्णन वरचेवर कानावर पडते. ते ऐकताना एवढे ध्यानात ठेवायला हवे, की एकाच घरात एकच सोयाबीनची भाजी खाणाऱ्या सासू-सुनेच्या रक्तात अगदी वेगवेगळी द्रव्ये उतरू शकतात. मोठ्या गटांवरच्या प्रयोगांचे निकाल अनेकदा पुसट येतात, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

सफरचंदाच्या सालीपासून औषधापर्यंत

पॉलिफेनॉल आणि मधुमेह यांच्या संबंधातली सर्वांत पक्की कहाणी मात्र कोणत्याही रसात किंवा काढ्यात सापडत नाही. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य वेगळे काढण्यात आले. कडू म्हणजे तापावर गुणकारी, असा तेव्हाचा समज होता. १८८६ मध्ये जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांनी दाखवले, की ते दिल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते. कारण कळायला आणखी बरीच वर्षे गेली. आपली मूत्रपिंडे रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळे परत घेतात; या परतीच्या कामाचा सुमारे ९० टक्के भार एसजीएलटी-२ नावाचा वाहक उचलतो. फ्लोरिझिन त्या वाहकाच्या तोंडाशी अडकून बसते.

मग फ्लोरिझिनच का देऊ नये? कारण तोंडाने घेतल्यावर आतड्यात त्याचा साखरेचा भाग तुटून पडतो आणि ते निकामी होते. शिवाय ते आतड्यातल्या जुळ्या वाहकालाही अडवते, त्यामुळे जुलाब होतात. रसायनशास्त्रज्ञांनी साखर आणि उरलेला रेणू यांना जोडणारा ऑक्सिजनचा दुवा काढून तिथे थेट कार्बनची जोडणी केली, ती आतड्यातल्या विकरांना तोडता येत नाही, आणि बाकीची रचना अशी बदलली की रेणूने मूत्रपिंडातला वाहकच निवडावा. त्यातून डॅपाग्लिफ्लोझिन आणि त्याची भावंडे तयार झाली. डॅपाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१२ मध्ये मान्यता मिळाली आणि आज आपल्याकडच्या कितीतरी मधुमेहींच्या गोळ्यांच्या डब्यात ते असते. लघवीवाटे रोज कित्येक ग्रॅम साखर बाहेर टाकणारी ही गोळी पॉलिफेनॉल उरलेली नाही, पण तिचा पूर्वज पॉलिफेनॉलच होता. सफरचंद खाऊन हा परिणाम साधत नाही, हे वेगळे सांगायला नको. फळात फ्लोरिझिन फारच थोडे असते आणि ते आतड्यातच तुटते.

याच्या तुलनेत अन्नातल्या पॉलिफेनॉलांवरच्या मोठ्या प्रयोगांचे निकाल माफक आहेत. अमेरिकेत २१,४४२ वयस्क लोकांवर झालेल्या एका प्रयोगात निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लेव्हानॉल दिले गेले. २०२२ मध्ये आलेल्या निकालात हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना निर्णायकपणे कमी झाल्याचे दिसले नाही, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. हा दुसरा आकडा आशादायक आहे, पण प्रयोगाचा मुख्य प्रश्न तो नव्हता. शिवाय तो प्रयोग अर्काच्या गोळ्यांवरचा होता, बाजारातल्या गोड चॉकलेटवरचा नव्हता. युरोपीय संघाने २०१२ मध्ये ऑलिव्ह तेलातल्या पॉलिफेनॉलांविषयी एक मर्यादित दावा छापायला परवानगी दिली, त्यातही रोज २० ग्रॅम तेल आणि त्यात किमान ५ मिलिग्रॅम ठरावीक द्रव्ये ही अट आहे.

चहा, लिंबू आणि कॅप्सूल

धातूंना धरून ठेवण्याचा जो गुण तेलाच्या डब्यात उपयोगी पडला, तोच जेवणाच्या ताटात महाग पडतो. चहातली पॉलिफेनॉले डाळी, पालेभाज्या आणि धान्यांतल्या लोहाला आतड्यातच बांधून टाकतात. जेवणाबरोबर काळा चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते, आणि चहात दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून घरात कुणाचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर नाश्त्याचे पोहे आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवणे पुष्कळ उपयोगाचे आहे. पोह्यांवर पिळलेले लिंबू याच्या उलट दिशेने काम करते, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषण्याजोग्या रूपात ठेवते. ज्यांच्या शरीरात लोह जास्त साठते अशा रुग्णांना मात्र जेवणाबरोबरचा चहा फायद्याचा ठरू शकतो. गुण आणि दोष इथे माणूस पाहून ठरतात.

हळदीचे गणितही पाहण्यासारखे आहे. हळदीत साधारण तीन टक्के कर्क्युमिन असते, म्हणजे भाजीत पडणाऱ्या चमचाभर हळदीतून ते शंभर मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि त्यातले रक्तात पोहोचते ते जवळजवळ नगण्य. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर रक्तातले प्रमाण सुमारे वीसपट होते. हा आकडा जाहिरातींत फार आवडता आहे. पण नगण्याची वीसपट कितपत असते, हा प्रश्न विचारायला हवा. आणि पायपरिन हे करते ते यकृताची सफाईची यंत्रणा मंदावून, त्यामुळे त्याच वेळी घेतलेल्या दुसऱ्या औषधांचाही निचरा उशिरा होऊ शकतो. अमेरिका आणि इटलीत हळदीच्या अर्काच्या गोळ्यांशी जोडलेल्या यकृतविकाराच्या नोंदी झाल्या आहेत आणि त्यांतल्या काही उत्पादनांत मिरीचा अर्क मुद्दाम घातलेला होता. ग्रीन टीच्या बाबतीत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितले, की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (चहातल्या कॅटेचिनांपैकी एक) घेतल्यास यकृताच्या विकरांची पातळी वाढल्याचे आढळते. पाण्यात पाने उकळून केलेल्या चहात हे प्रमाण सहसा गाठले जात नाही.

स्वयंपाकातली लवंग, हळद, आवळा, कांदा, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा बाफला (माळव्यातला कणकेचा भाजलेला गोळा) किंवा पोळी यांतून येणारी मात्रा आणि एका कॅप्सूलमध्ये कोंबलेली मात्रा यांत अनेकदा दसपटीचा किंवा त्याहून मोठा फरक असतो, आणि मोठ्या मात्रेत लोह-तांब्याच्या सोबतीने हीच द्रव्ये मूलके विझवण्याऐवजी पेटवूही शकतात. साखरेची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी अशी कॅप्सूल सुरू केली असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना तिची बाटलीच बरोबर न्यावी, कारण ‘घरगुती, आयुर्वेदिक काहीतरी घेतो’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना त्यातली मात्रा कळत नाही.